काश्मीरचा मेंढपाळ आणि बैहरची पहाट

संतूर, गिटार आणि बासरी या तीन वाद्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका १९६७ साली मुंबईस मुद्रित झाली. तीस अर्धशतक केव्हाच उलटून गेले. तिच्याविषयी लिहावयाचे तेवढे लिहून झाले आहे, आता आणखी काय उरले, असे कोणी म्हटले तर आम्ही त्याच्याशी वाद घालणार नाही. परंतु गेल्या कार्तिकात येथील एका देवळाच्या मंडळींत या तबकडीवरून जो खटका उडाला तो केवळ आवडीनिवडीचा नव्हता. देवळात कोणता नाद शोभतो आणि कोणता शोभत नाही, हा प्रश्न त्याच्या मुळाशी होता. आणि हा प्रश्न आमच्या वाचकांपैकी प्रत्येकाच्या गावी या ना त्या रूपाने उभा राहिलेला आहे, अशी आमची खात्री आहे.

घडले ते असे. काकड आरतीच्या आधी अर्धा तास देवळाच्या कर्ण्यावरून भजने लावण्याचा प्रघात आहे. भजने म्हणजे सिनेमातील चालींवर देवाचे नाव बसविलेली गाणी. सालवनात चार वाजता जी शांतता असते ती ज्याने अनुभविली आहे त्यास, तिच्या अंगावर हा कर्णा कसा कोसळतो, हे सांगावयास नको. मंडळींतील एका तरुणाने सुचविले की त्या ऐवजी ही ध्वनिमुद्रिका मंद आवाजात लावावी. त्यावर वडीलधाऱ्यांनी तीन गोष्टी विचारल्या. हिच्यात शब्दच नाहीत, तेव्हा नामस्मरण कसले? गिटार हे साहेबाचे वाद्य, ते गाभाऱ्यासमोर कसे चालेल? आणि वेष्टनावरील कथा जर एका मेंढपाळाची व त्याच्या प्रेयसीची आहे, तर देवाचा तिच्याशी संबंध काय? प्रश्न रास्त होते. आम्ही त्या बैठकीस होतो आणि गप्प बसलो, कारण ही तबकडी आरंभापासून शेवटपर्यंत आपण शेवटची केव्हा ऐकली हे आम्हांस आठवेना. जिची आपण वर्षानुवर्षे स्तुती करीत आलो ती वस्तू आपण पुरती ऐकलेलीच नाही, हे असे अवचित ध्यानात येते. पुढले आठ दिवस आम्ही ती ऐकली, आणि शक्य तेथे ज्या प्रहराचा राग त्याच प्रहरी ऐकली. हे लिखाण त्या ऐकण्यातून आलेले आहे.

प्रथम वस्तुस्थिती. संतूर शिवकुमार शर्मा यांचे, गिटार ब्रिजभूषण काबरा यांची, बासरी हरिप्रसाद चौरसिया यांची आणि तबल्याची साथ माणिकराव पोपटकर यांची. मुद्रणाच्या वेळी तिघेही वादक तिशीच्या उंबरठ्यावर उभे होते. शर्मा आणि चौरसिया १९३८ सालचे, काबरा १९३७ सालचे. निर्मितीची धुरा एचएमव्ही कंपनीच्या जी. एन. जोशी यांजकडे होती. हे नाव मराठी वाचकांस नवे नाही. विदर्भात वाढलेला हा कायद्याचा पदवीधर १९३०च्या दशकाच्या आरंभी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गाऊन घराघरांत पोहोचला, आणि मराठी भावगीताचा आरंभ पुष्कळ लोक त्याच तबकडीपासून मोजतात. रानातून येणाऱ्या शिळेने ज्याच्या गायनाची कीर्ती झाली, तोच मनुष्य पस्तीसएक वर्षांनी काचेच्या खिडकीपलीकडे बसून दुसऱ्या एका रानातील दुसऱ्या एका गुराख्याची तबकडी सिद्ध करीत होता. या योगायोगाकडे आजवर कोणी फारसे लक्ष दिलेले आम्हांस दिसले नाही. आम्हांस मात्र त्यात तबकडीच्या स्वभावाची किल्ली सापडते. भावगीताची दृष्टी अशी की थोडक्या अवकाशात एक चित्र उभे करावे आणि ते मिटण्यापूर्वीच थांबावे. या ध्वनिमुद्रिकेतील प्रत्येक राग असाच थांबतो. तिचे गुण आणि तिचे दोष हे दोन्ही याच सवयीतून निघालेले आहेत.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पूर्वीच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपत असे. गायकाने ख्याल त्या मापात कापून द्यावा, अशी सक्ती होती. १९४८ साली अमेरिकेत दीर्घ तबकडी निघाली आणि एका बाजूस वीस मिनिटे मिळू लागली. १९५५ साली अली अकबर खाँ यांची सरोदाची दीर्घ तबकडी तिकडे निघाली, तिच्यात यहुदी मेन्युहिन यांनी श्रोत्यांस परिचय करून दिला होता. परंतु तिच्यातही एका बाजूस एक राग अशीच मांडणी होती. म्हणजे मैफिलीचाच तुकडा थोडा मोठा झाला, एवढेच. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ने केले ते निराळे. चाळीसएक मिनिटांचा सगळा अवकाश एक दिवस मानला आणि पहाटेपासून रात्रीपर्यंतचे राग त्यात ओळीने ओवले. पहिल्या बाजूस अहीर भैरव, त्यास लागून नट भैरव आणि मग पिलू. दुसऱ्या बाजूस भूप, देस आणि पहाडी. काश्मीरच्या उतारावर मेंढरे चारणाऱ्या एका तरुणाचा हा दिवस, अशी कल्पना.

देवळाशी ज्याचा संबंध आहे त्यास ही कल्पना परकी वाटण्याचे काहीच कारण नाही. आमच्या देवाचाही दिवस असाच नादाने बांधलेला असतो. काकड आरती, मध्यान्हीची पूजा, धूपारती, शेजारती. गोव्यातील मंगेशीस किंवा कवळ्यास नगारखान्याखाली उभे राहून ज्यांनी सनई-चौघडा ऐकला आहे, त्या आमच्या कोंकणी वाचकांस हे आमच्याहून अधिक ठाऊक आहे. घड्याळ नसलेल्या मनुष्यालाही प्रहर कळावा, हे या वादनाचे काम. ते शब्दांवाचून होते, आणि आजवर कोणी सनईवाल्यास ‘तुझ्या वादनात नाम कोठे आहे’ असे विचारलेले नाही. पहिल्या आक्षेपाचे उत्तर आम्हांस येथेच मिळाले. परंतु ते अर्धेच उत्तर आहे. सनईस देवळाने शेकडो वर्षे आपली मानली आहे, आणि ही तबकडी बाजारासाठी निघालेली आहे, हा फरक उरतोच. त्याकडे पुढे वळू.

आता अहीर भैरवाविषयी, कारण या तबकडीत सर्वांत मोलाचे जे आहे ते येथे आहे. मेंढपाळाच्या दिवसाचा आरंभ करण्यासाठी पहाटेचे कितीतरी राग हाताशी होते. ललत होता, तोडी होती, शुद्ध भैरव होता. निवडला तो अहीर भैरव. अहीर म्हणजे गवळी. रागाच्या नावातच गुराखी बसलेला आहे. आमच्या या बालाघाटाकडे अहीर आणि गोवारी मंडळींची वस्ती आहे; दिवाळीच्या पाडव्यास गाई सजवून, बासरी आणि डफ घेऊन ती निघतात, तेव्हा त्या बासरीतून भैरवाचा कोमल ऋषभ ऐकू येतो असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण भैरवासारख्या शंकराच्या रागास गवळ्याचे नाव जोडून ज्या कोणी पूर्वसूरींनी हा राग घडविला, त्यांनी वैराग्य आणि गोठा एकत्र आणला, एवढे खरे. पूर्वांगात भैरव, तेथे कोमल ऋषभ आंदोलत राहतो; उत्तरांगात शुद्ध धैवत आणि कोमल निषाद, म्हणजे काफीचा मोकळा, घरगुती रंग. खाली तपस्वी, वर संसारी. पहाटेच्या अंधारात डोंगर अजून भस्म फासल्यासारखा दिसत असतो आणि गोठ्यात दुधाची धार सुरू झालेली असते, असे काहीसे.

आणि त्यास लागूनच नट भैरव का, हे आम्हांस या वेळी प्रथम समजले. नट भैरवात ऋषभ शुद्ध होतो आणि धैवत कोमल. म्हणजे जो अंधार खाली, षड्जाच्या शेजारी साचलेला होता तो उठतो आणि वर, पंचमाच्या पलीकडे जाऊन बसतो. आम्ही हा भाग बैहरच्या पठारावर पौषातल्यासारख्या थंडीत, पाच-साडेपाचच्या सुमारास ऐकला. खालचे गवत उजळले होते आणि सालाचे शेंडे अजून काळे होते. रागांतर ऐकताना आम्ही वर पाहिले. हे वर्णन अतिशयोक्तीचे वाटेल; ज्यास वाटेल त्याने त्या वेळी उठून ऐकावे. दोन भैरवांची अशी जोडणी मैफिलीत कोणी केली असती तर जाणत्यांनी नाक मुरडले असते. एक राग पुरता रंगल्यावाचून दुसऱ्यावर जाणे ही घाई मानली जाते. येथे घाई वाटत नाही, कारण येथे विषय राग हा नाही, उजाडणे हा आहे.

कोमल ऋषभाचे आंदोलन म्हणजे त्या स्वराचे सावकाश झुलणे. ते संतुराच्या स्वभावात नाही. संतूर अक्रोडाच्या लाकडी कलमांनी वाजविले जाते. तारेवर आघात होतो, नाद उमटतो आणि विरू लागतो, आणि उमटलेल्या स्वरास ओढून दुसऱ्यापर्यंत न्यावे अशी सोय नाही. शर्मा यांनी १९५५ साली मुंबईत ते प्रथम वाजविले तेव्हा शास्त्रज्ञांचा आक्षेप हाच होता की ज्यावर मींड नाही त्यावर राग कसा वाजणार. काश्मीरच्या सूफियाना मौसीकीत साथीस असलेले हे वाद्य; जम्मूचे गायक उमादत्त शर्मा यांनी ते आपल्या मुलाच्या हाती दिले, आणि मुलाने तारांची मांडणी बदलली, स्टँडवरून उचलून ते मांडीवर घेतले, आणि कलम तारेवर अलगद घसरवून नाद लांबविण्याची युक्ती काढली. तरीही मींड ती मींडच. काबरांची गिटार मात्र मींडेवाचून जगतच नाही. मांडीवर आडवी ठेवलेली गिटार, डाव्या हातात पोलादी कांडी, ती तारेवरून सरकते आणि स्वर तुटत नाही. म्हणून या दोन वाद्यांची जोडी ही केवळ आवाजांची आवड नसून एकमेकांच्या उणिवा भरून काढण्याचा व्यवहार आहे. एक स्वर ओढते, दुसरे शिंपडते. दव आणि धुके यांत जो फरक तोच येथे ऐकू येतो. आणि बासरी या दोघांवर श्वास घालते.

गिटारविषयीच्या आक्षेपास आता उत्तर देता येईल, आणि ते जरा स्पष्टच दिले पाहिजे. ज्या गृहस्थांनी ‘साहेबाचे वाद्य’ म्हणून नापसंती दर्शविली, ते स्वतः तीस वर्षे भजनास पेटी वाजवीत आले आहेत. पेटी साहेबाचीच. आकाशवाणीने १९४० साली तिला बंदी घातली ती हिंदी संगीतास ती अयोग्य म्हणूनच, आणि ती बंदी सैल व्हावयास १९७१ साल उजाडले. तेवढ्या काळात आमच्या देवळांनी पेटी सोडली नाही. आकाशवाणीचे ऐकले असते तर वारकऱ्यांची अर्धी भजने सुनी झाली असती. आणि शास्त्राच्या कसोटीवर पाहावयाचे तर पेटीवर मींड नाही, काबरांच्या गिटारवर आहे. वीणेच्या ती कितीतरी जवळ. गोव्यातील वाचकांस तर हे वाद्य घरच्या ओसरीवरचे. तेथे घुमट ख्रिस्ती मांड्यासही वाजते आणि चतुर्थीच्या आरतीसही वाजते. घुमटास कोणी त्याचा धर्म विचारीत नाही. गिटारला तो विचारावयाचा असेल तर काबरांची गुरुपरंपरा सांगावी. जोधपूरच्या घरातील हा मुलगा, वडिलांनी अट घातली की वाजवावयाचेच असेल तर हिंदुस्तानी रागसंगीतच वाजवीन म्हण. आणि त्याने ती आयुष्यभर पाळली. गुरू अली अकबर खाँ. त्यांचे वडील आणि गुरू मैहरचे अल्लाउद्दीन खाँ.

बैहरमध्ये राहणाऱ्यास या गावाचे नाव पदोपदी भेटते. परगावच्या मनुष्यास ‘बैहर’ म्हणावे तर तो ‘मैहर’ ऐकतो आणि शारदेच्या डोंगराविषयी विचारू लागतो. आम्ही आता दुरुस्ती करणे सोडून दिले आहे. त्या डोंगरावरील शारदामातेचे अल्लाउद्दीन खाँ निस्सीम भक्त होते, हे सर्वश्रुत आहे. मैहरच्या महाराजांनी त्यांच्या कन्येस अन्नपूर्णा हे नाव दिले, आणि त्याच अन्नपूर्णादेवींकडे हरिप्रसादांनी तालीम घेतली. म्हणजे या तिघांपैकी दोघांच्या हातांत जे आहे ते एका मुसलमान उस्तादाने देवीच्या पायथ्याशी बसून साठविलेले आहे, आणि तिसऱ्याचे वाद्य सूफींच्या बैठकीतून आलेले आहे. देवळात कोणता नाद चालेल हे ठरविताना एवढे तरी ठाऊक असावे. यावरून कोणता निष्कर्ष काढावा हे आम्ही सांगत नाही.

तिघांत आज सर्वांत कमी आठवले जाणारे नाव काबरांचे. शर्मा आणि चौरसिया यांनी पुढे शिव-हरी या जोडनावाने ‘सिलसिला’ (१९८१) आणि ‘चांदनी’ (१९८९) अशा चित्रपटांना संगीत दिले. दोघेही पद्मविभूषण झाले. काबरा अहमदाबादेस राहिले आणि २०१८ साली तेथेच वारले. शर्मा २०२२ साली गेले. तबकडीचा लौकिक जसजसा वाढला तसतशी ती संतूर आणि बासरीची म्हणून ओळखली जाऊ लागली. ऐकून पाहावे: गिटार काढून घेतली तर उरलेले दोन आवाज पाण्यावर तरंगणाऱ्या पाकळ्यांसारखे होतात. खालचे पाणी काबरांचे आहे.

इतकी स्तुती केल्यावर दोष सांगणे आमच्यावर आलेच. पिलू गोड आहे, आणि गोडपणापलीकडे जात नाही. पिलू हा असा राग की त्यात बाराही स्वरांस आसरा मिळतो. ठुमरीवाल्याने तेथे हट्ट करावा, रुसावे, परत यावे. येथे दुपारच्या सावलीत तिघे मित्र पहुडले आहेत आणि कोणालाच उठावयाचे नाही, असे वाटते. हरकत नाही, दुपार तशीच असते.

भूपाचे दुखणे मात्र निराळे आहे, आणि त्यात थोडा आमच्या कानाचाही दोष असेल. शास्त्राप्रमाणे भूप हा रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग, आणि तबकडीतही तो सांजेस येतो. परंतु मराठी घरात आणि देवळात या पाच स्वरांची ओळख होते ती भूपाळीतून, म्हणजे पहाटे. आजीच्या तोंडून देवास उठविताना जे स्वर ऐकले ते संध्याकाळी मेंढपाळाच्या घराकडे परतण्याच्या वाटेवर भेटले की क्षणभर गोंधळ होतो; दिवस मावळतो आहे की उगवतो आहे, हे कळेनासे होते. देशकाराचेही स्वर हेच पाच आणि तो सकाळचा, असे म्हणून शास्त्रज्ञ आमची समजूत घालतील. परंतु खरी अडचण त्याहून खोल आहे. भूपात स्वर थोडे, म्हणून प्रत्येकावर वस्ती करावी लागते. ज्यांनी किशोरी आमोणकरांचा भूप ऐकला आहे, ज्यांच्या मातोश्री मोगूबाई गोव्यातील कुर्डीच्या, त्यांस हे सांगणे नको की गंधार हा लावावयाचा स्वर नसून त्याच्या दारी जाऊन थांबावयाचे असते. येथे तिघेही वादक त्या दारावरून जाता जाता नमस्कार करतात. नमस्कार सुरेख आहे. पण ते आत गेले नाहीत. भावगीताच्या सवयीचा तोटा तो हाच.

माणिकराव पोपटकरांच्या तबल्याविषयीही अशीच तक्रार आमच्या एका गोमंतकीय स्नेह्याने केली. ज्यांच्या कानावर खाप्रूमामा पर्वतकरांच्या लयीच्या कथा लहानपणापासून पडल्या, त्यांस हा तबला फार सोवळा वाटावा हे स्वाभाविक आहे. येथे आमचे मत वेगळे. तबल्याने या तबकडीत चालणाऱ्या मनुष्याची पावले दिली आहेत, आणि डोंगरावर चालणारा मनुष्य तिहाया घेत चालत नाही.

तीन असामान्य वादक एकत्र आले की काय होते, याचा दुसरा दाखला त्याच सुमाराच्या विलायतेत सापडतो. १९७० साली तेथे इमर्सन, लेक आणि पामर या तिघांनी मिळून एक मंडळ काढले. त्या काळी तिकडच्या तरुणांच्या रॉक संगीतात अशी एक शाखा फुटली होती की गाण्यांची तबकडी नको, आरंभापासून शेवटपर्यंत एक रचना हवी. या शाखेस प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. या तिघांनी मुसोर्गस्की या रशियन संगीतकाराची चित्रप्रदर्शनावरील पियानोरचना विजेच्या वाद्यांवर वाजविली, आणि तिचे १९७१चे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. आम्ही ते कुतूहलाने ऐकले. कौशल्य थक्क करणारे आहे. परंतु तिघांपैकी कोणी क्षणभर गप्प बसला की दुसरा ती जागा बळकावतो. चित्रे पाहत फिरणाऱ्या मनुष्याची कथा असूनही ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभे राहत नाही, वादकच उभे राहतात. याउलट मेंढपाळाच्या तबकडीत तिशीच्या उंबरठ्यावरील तीन महत्त्वाकांक्षी तरुण एकमेकांस वाट देतात. एकाने वाक्य अर्धे सोडावे आणि दुसऱ्याने ते पुरे करावे, असे वारंवार घडते. तरुण वयात हे साधणे कठीण असते, आणि पुढे नाव झाल्यावर तर अधिकच. हे श्रेय त्यांच्या तालमीचे किती आणि काचेपलीकडे बसलेल्या जोश्यांचे किती, याचा वाटा ठरविणे आता शक्य नाही. कमी वाजवा असे वादकास सांगणे हे निर्मात्याचे सर्वांत अप्रिय काम असते, एवढे आम्ही जाणतो.

देस रात्रीचा. त्याच्या आरोहात शुद्ध निषाद आणि उतरताना कोमल निषाद. जणू जाताना सांगितलेले येताना बदलले. या रागास पावसाचा वास आहे, आणि काश्मीरच्या त्या भागात आमच्यासारखा मृगाचा पाऊस पडत नाही, तेव्हा येथे मेंढपाळ थोडा मैदानी होतो. चालावयाचेच. आणि मग पहाडी. भूपातील तेच पाच स्वर येथे परत येतात, परंतु खाली, मंद्रात जाऊन बसतात, आणि मधून मधून एखादा पाहुणा स्वरही घरात घेतात. जो भूप सांजेस देवघराच्या उंबऱ्यावर उभा होता तोच येथे चुलीजवळ बसलेला आढळतो. भूपाविषयीची आमची तक्रार आम्ही मागे घेत नाही. पण पहाडी ऐकल्यावर ती बोलून दाखवावीशी वाटत नाही.

प्रेयसी येते ती येथे. वडीलधाऱ्यांचा तिसरा आक्षेप होता तो तिच्याविषयी. त्यावर कोणी लगेच गोपींचा दाखला देईल. बासरी, गुराखी, रात्र, सगळे जमतेच. आम्हांस तो दाखला सोयीचा वाटतो आणि म्हणून नकोसा वाटतो. प्रत्येक गुराख्यास कृष्ण केले की गुराखी उरत नाही. येथील गोवारी पोर दिवसभर काट्यांतून गुरे वळते, वाघाच्या भीतीने संध्याकाळी लवकर परतते. कान्हाचे जंगल येथून दूर नाही. त्याचे जिणे पिलूसारखे नसते. तबकडीतील मेंढपाळ हा चित्रातला आहे, प्रवाशांच्या भित्तिपत्रकावरून उतरलेला, हे मान्य केलेले बरे. आणि १९९० साली त्या खोऱ्यातून पंडितांची कुटुंबे घरांना कुलपे लावून निघाली, त्यानंतर ‘खोऱ्याची हाक’ हे शब्द पूर्वीसारखे ऐकूच येत नाहीत. तबकडीने असे काही भाकीत केले नव्हते, आणि तिच्यावर त्याचा बोजा टाकणे अन्यायाचे होईल. तरी जे ऐकू येते ते येते. विशेषतः ज्यांनी आपली देवळे मागे सोडली, मूर्ती नदीपार नेल्या, त्यांच्या वंशजांस ते अधिक येत असेल. गोव्याच्या वाचकांस यापेक्षा अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

राहता राहिली बाजाराची गोष्ट. सनई देवासाठी वाजते आणि ही तबकडी विकण्यासाठी निघाली, हा भेद खरा आहे. परंतु सध्या कर्ण्यावरून जे लागते तेही विकण्यासाठीच निघालेले आहे. त्यात देवाचे नाव आहे म्हणून ते देवाचे झाले, असे मानणे म्हणजे पाकिटावर मूर्ती छापली म्हणून बिडी प्रसाद झाली, असे मानण्यासारखे आहे. देवळात तबकडी लावणे ही मुळातच दुय्यम सोय आहे. सनईवाला मिळत नाही, मिळाला तर बिदागी परवडत नाही, म्हणून ती करावी लागते. ती करावयाचीच, तर जो नाद पहाटेस पहाटेसारखा ऐकतो तो लावावा, एवढेच आमचे म्हणणे.

पुढच्या बैठकीत आम्ही ते मांडले. पहिली बाजू, तीही नट भैरव संपेपर्यंतच, कर्ण्यावर नव्हे तर सभामंडपातील लहान पेटीवर, साडेचारपासून काकड्याची वात पेटेपर्यंत. पिलू दुपारचा, त्याचा येथे संबंध नाही. दुसरी बाजू ज्याने त्याने आपल्या घरी रात्री ऐकावी. पेटी वाजविणाऱ्या त्या गृहस्थांनी पहिल्या दिवशी मुद्दाम लवकर येऊन खांबाशी बसून ऐकले. गिटार सुरू झाली तेव्हा त्यांनी काही म्हटले नाही; थोड्या वेळाने त्यांच्या उजव्या हाताची बोटे गुडघ्यावर कोमल ऋषभ शोधू लागली, आणि अर्थातच पेटीच्या सवयीने त्यांना तो एकाच जागी सापडला. आरतीनंतर त्यांनी आम्हांस एवढेच विचारले की हा स्वर हलतो आहे तो कशाने हलतो. उद्या कांडीचे चित्र दाखवितो, असे आम्ही त्यांना सांगितले आहे.